एकोणचाळीसच्या पुढे

मैत्री पाझारे हैदराबादची नोकरी सोडून आदिलाबादला परतली, तेव्हा तिच्या घरी लोक आजाऱ्याच्या समाचाराला यावेत तसे आले. कंपनीनं काढलं का, तब्येत बिघडली का, कुठं लग्नाचं फिसकटलं का, असे प्रश्न चहाबरोबर विचारले गेले. तिचे वडील चंपत गुरुजी मराठी शाळेतून निवृत्त झालेले. ते प्रत्येकाला एकच उत्तर देत, "तिले इथं काम करायचं हाये." लोक मान हलवत आणि खरं कारण काय असेल याचा विचार करत घरी जात.

खरं कारण तेवढंच होतं. पण ते कोणाच्या पचनी पडत नव्हतं. आमच्याकडून पोरं जातात. मंचेरियलची रेल्वेत बसून जातात, बेल्लमपल्लीची खाणीत उतरायचं नाही म्हणून जातात, आदिलाबादची बसनं जातात. परत येतात ती सणावाराला, दोन दिवसांसाठी.

मैत्रीचे आजोबा दुसऱ्याच्या शेतात सालगडी होते. चंपत गुरुजी त्यांच्या घरातले पहिले शिकलेले. नोकरी लागल्यावर त्यांनी घरात एक नियम केला, की मुलांनी पुस्तक सोडून शेताकडे बघायचं नाही. तिची आई द्वारकाबाई अजून गमतीनं सांगते, "आमच्या पोरीले कपाशी अन् तूर वळखू येत नव्हती दहावीपावतर." कापसाच्या जिल्ह्यात वाढलेली ही मुलगी कापसाच्या शेतात फारशी गेलीच नाही. सातबारा म्हणा, आमच्याकडचं पट्टा पासबुक म्हणा, त्या घरात कधी आलंच नव्हतं.

दहावीपर्यंत मराठी शाळा. पुढच्या कॉलेजात शिकवणं इंग्रजीत आणि वर्गातल्या गप्पा तेलुगूत. पहिल्या वर्षी तिचे दोन विषय राहिले. गुरुजी रागावले नाहीत. "भाषा आडवी आली, डोकं नाही," एवढंच म्हणाले. दुसऱ्या वर्षी तिनं दोन्ही विषय काढले, आणि तेलुगूही अशी शिकली की मैत्रिणी तिला करीमनगरची समजत. पुढं संगणकाची पदवी, मग हैदराबादच्या एका कंपनीत नोकरी. काम काय, तर डेटाबेसचं. कंपन्यांच्या माहितीचे मोठमोठे साठे असतात. त्यांना प्रश्न विचारायचे, त्याला क्वेरी म्हणतात. उत्तर चुकीचं आलं की का चुकलं ते शोधायचं. या शोधण्यात तिचा हात चांगला बसला होता.

परत आल्यावर तिनं शहराला लागून असलेल्या मावल्यात मामाच्या घराच्या माडीवर एक खोली घेतली. तीन संगणक मांडले, आणि स्वरा नावाच्या मुलीला सोबत घेतलं. स्वराला मंचेरियलला नोकरी मिळत होती, ती नाकारून ती मैत्रीकडे आली. सुरुवातीला कामं किरकोळ होती. एका शाळेची हजेरी, एका औषधाच्या दुकानाचा साठा. मग आमच्या संस्थेचं काम समोर आलं.

आमची कापूस उत्पादकांची सहकारी संस्था. मी तिथं हिशेब खातं सांभाळतो आणि येत्या मार्चमध्ये निवृत्त होतो आहे. संस्थेचा जुना संगणकीय कार्यक्रम दर हंगामात ऐन गर्दीत बसायचा. तो ज्यानं केला तो माणूस केव्हाच गाव सोडून गेला होता. नवीन कार्यक्रमासाठी दोन प्रस्ताव आले, एक हैदराबादच्या मोठ्या कंपनीचा आणि एक मैत्रीचा.

संचालक मंडळाच्या बैठकीत एक संचालक राजकुमारसेठ तिच्यासमोरच म्हणाले, "मावल्याच्या माडीवर पापड लाटतेत बाई, सॉफ्टवेअर नाही."

मैत्री म्हणाली, "पापडही लाटतो ना सेठ आमी. तुमच्याकडं पाठवू का दोन किलो?"

सगळे हसले. सेठही हसले, पण मत बदललं नाही. शेवटी अध्यक्ष व्यंकटेशराव यांनी तोडगा काढला. हंगाम सुरू होण्याआधी चार गावांच्या सभासदांची नमुना खरेदी करायची. खरा कापूस, खरं टोकन. नीट पार पडलं तर काम मैत्रीचं. नाही तर हैदराबादची कंपनी.

बैठकीनंतर ती माझ्या टेबलाशी आली. तिच्या वडिलांची माझी जुनी ओळख, म्हणून मला काका म्हणते.

"काका, तुमाले खरं सांगतो. आमच्या जुन्या साहेबांचा फोन येऊन राह्यला. जागा महिनाअखेरपर्यंत ठेवतो म्हनते. हे काम गेलं तर माडी बंद. स्वराले काय म्हनून थांबवू मी? बॅग भरून परत हैदराबाद."

"आणि मिळालं तर?"

"मिळालं तर गाव माहं," ती म्हणाली.

नमुना खरेदीच्या आधीच पहिला फटका बसला. सभासद मोबाईलवरून खरेदीची तारीख मागतात. ती मागणी एका तक्त्यात जमा होते, सभासदांची मूळ माहिती दुसऱ्या तक्त्यात. दोन्ही जुळवून यादी काढायची होती. मैत्रीनं क्वेरी चालवली तर पडद्यावर एक लाल ओळ आली आणि यादी आलीच नाही. तिनं घाईत काहीतरी बदललं. मग यादी आली, पण चारांपैकी एक अख्खं गाव गायब.

आमचा काउंटरवरचा कारकून पंकज म्हणाला, "मॅडम, गाव धरणात गेलं का काय?"

"थांब ना बाप्पा, वर काढतो," म्हणत ती खुर्चीत सरसावून बसली. थोड्या वेळानं तिनं मला बोलावलं.

"हे पाहा काका. एका तक्त्यात सभासद क्रमांक आकडा म्हनून ठेवला, दुसऱ्यात मजकूर म्हनून. आपल्याले दोन्ही सारखेच दिसतेत. मशीनच्या लेखी जात वेगळी. या गावाचा क्रमांक शून्यानं सुरू होते. आकड्याच्या पुढचं शून्य मशीन टाकून देते, मजकुरातलं तसंच ठेवते. म्हंजे इकडं ७०४१ अन् तिकडं ०७०४१. जुळतीन कसे?"

"मग दोन्हींतलं बरोबर कोणतं?"

"तुमी कधी सभासद क्रमांकांची बेरीज केली?"

"नाही."

"मोबाईल नंबरची?"

"ती कशाला करू?"

"मंग तो आकडा नाहीच. आकड्यासारखा दिसते, पन नाव हाये ते. नावाले नावासारखं ठेवायचं."

तिनं दोन्हीकडे क्रमांकाचा प्रकार मजकूर असा करून टाकला, गळालेली शून्यं परत लावली आणि गाव परत आलं. मला हे फार आवडलं. वाणिज्य शाखेत आम्हाला पहिली गोष्ट हीच शिकवली होती, की नोंद करण्याआधी ती कोणत्या सदराखाली जाते ते ठरवा. सदर चुकलं की पुढचा सगळा काटेकोरपणा वाया.

नमुना खरेदीचा दिवस उजाडला. यार्डात ट्रॉल्या लागल्या. नियम सोपा होता. ज्याच्या नावावर जेवढी जमीन, त्या मानानं संस्था कापूस घेणार, एकरी दहा क्विंटलपर्यंत. मशीन सभासदाचा रकबा, म्हणजे त्याच्या जमिनीचं क्षेत्र, बघून टोकनवर मर्यादा छापणार. मैत्री आणि स्वरा काउंटरच्या मागं बसल्या होत्या, राजकुमारसेठ बाजूला खुर्ची टाकून.

पहिल्या काही ट्रॉल्या बिनबोभाट गेल्या. मग वच्छलाबाई आल्या. आमच्या संस्थेत त्यांचा आवाज वजनकाट्यापेक्षा मोठा, असं म्हणतात. त्यांनी टोकन हातात घेतलं, डोळ्यांपासून लांब धरून वाचलं आणि परत काउंटरवर ठेवलं.

"हे कोनाचं हाये?"

"तुमचंच हाये मावशी," मैत्री म्हणाली.

"माहं नाही. बारा क्विंटल लिवलं. माही दीड एकर जमीन हाये. दीड एकराचे पंधरा होते. काऊन कमी केले?"

मैत्रीनं पडद्यावर पाहिलं. तिथं १.२ होतं. तिनं वच्छलाबाईंचं पासबुक मागून घेतलं. त्यात १.२० होतं.

"बरोबर तर हाये मावशी. पासबुकात एवढंच लिवलं."

"तेच तं म्हनून राह्यली मी. माह्या पासबुकात दीड एकर लिवली, अन् टोकनात बारा?"

दोघी एकाच पासबुकाकडे बोट दाखवत होत्या आणि दोघींना आपलंच खरं वाटत होतं. मी जवळ गेलो. पासबुक पाहिलं, दीड एकर. पडदा पाहिला, एक एकर दोन गुंठे.

"मैत्री, शून्य गळालंय," मी म्हणालो. "वीसचं शून्य."

"शून्य दिसत नाही फक्त काका. किंमत तीच हाये. तरी दाखवतो."

तिनं टिंबापुढं दोन अंक दिसतील असं केलं. आता पडद्यावर १.२० आलं. पुन्हा टोकन काढलं. पुन्हा बारा.

राजकुमारसेठ यांनी खिशातून फोन काढून नुसता टेबलावर ठेवला, आणि हैदराबादचा नंबर आता लागणार हे सगळ्यांना कळलं. मागच्या ट्रॉलीवाल्यानंही आपलं टोकन पुढं केलं, त्याचंही कमी. वच्छलाबाई म्हणाल्या, "मी इथंच बसतो. पंधरा निघाल्याशिवाय उठत नाही." आणि काउंटरसमोरच्या बाकावर खरंच मांडी घालून बसल्या.

व्यंकटेशराव मैत्रीला म्हणाले, "अम्मा, आजचा दिवस हाये तुह्याकडं. उद्या दुपारी मंडळ बसते."

मैत्रीचा चेहरा उतरला होता, पण ती रडकुंडीला आली नव्हती. ती काउंटरवरून उठली आणि आतल्या खोलीत गेली. मागोमाग स्वरा गेली आणि मीही, कारण तिला काही कागद लागले तर काढून देणारा मीच.

तिनं आधी स्वतःचं लिहिलेलं तपासलं. गुणाकार बरोबर. एक पूर्णांक दोन दशांश गुणिले दहा, बारा. मशीननं तिला सांगितलं तेच केलं होतं.

"हिशेबात चूक नाही," ती म्हणाली. "म्हंजे चूक हिशेबाच्या आधी हाये. मी ह्या रकब्याले काय समजून बसली, तिथं हाये."

मग तिनं साठ्याला एक वेगळाच प्रश्न विचारला. जमीन नको, नाव नको, गाव नको. प्रत्येक रकब्यात टिंबाच्या पुढं काय आहे तेवढंच दाखव, आणि ते किती वेळा येतं ते. चार गावांचं नाही, सगळ्या सभासदांचं. पडद्यावर लांबलचक रांग उतरली. ती बोट लावून वाचत खाली गेली आणि थांबली.

"काका, हे कसं काय? एक, दोन, तीन, सगळे आकडे हायेत. छत्तीस हाये, सदतीस, अडतीस, एकोणचाळीस. अन् मंग रांगच तुटली. चाळीस नाही, एक्केचाळीस नाही, पंचेचाळीस नाही. एवढ्या हजार तुकड्यांत एकाही तुकड्याच्या टिंबापुढं त्रेपन्न काऊन नाही? आकडा खरंच दशांश असता तं नव्व्याण्णवपर्यंत कुठं ना कुठं सापडला असता. हा एकोणचाळीसवरच कसा थांबला?"

पंकज दारात चहा घेऊन उभा होता. तो आधी माझ्याकडे बघायला लागला, मग आम्ही दोघंही हसायला लागलो. बाहेरून वच्छलाबाईंनी विचारलं, "काय झालं?"

पंकज ओरडून म्हणाला, "मॅडम विचारून राह्यल्या, एकोणचाळीसच्या पुढं गुंठे काऊन नाही म्हनून!"

"अगं माय!" वच्छलाबाईंनी कपाळावर हात मारला. "चाळीस गुंठ्यांचा एकर होते ना पोरी! चाळिसावा आला की नवा एकर सुरू!"

मैत्री खुर्चीवरून उठलीच. "म्हंजे टिंबाच्या पुढं गुंठे हायेत? एक टिंब वीस म्हंजे एक एकर वीस गुंठे?"

"मंग काय हाये?"

"अन् मले कोनी सांगतलं नाही?"

"त्याच्यात सांगाचं काय?" पंकज म्हणाला. "सूर्य पूर्वेले उगवते हे कोन सांगते?"

ती स्वतःच जोरात हसली. आमच्या भागात एकर आणि गुंठे यांच्यामध्ये टिंब द्यायची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. आम्हाला १.२० दिसलं की तोंडातून आपोआप दीड निघतं. आम्ही ते वाचत नाही, ओळखतो. आणि ज्या घरात जमिनीचा कागदच कधी आला नाही, त्या घरच्या मुलीनं शाळेत शिकवल्याप्रमाणं ते एक पूर्णांक वीस शतांश असं वाचलं होतं. चूक कोणाचीच म्हणता येत नव्हती. आम्ही एकाच खुणेसमोर उभे राहून दोन वेगळ्या गोष्टी बघत होतो, आणि हे कोणाच्याच ध्यानात येत नव्हतं.

"सभासद क्रमांक नाव होता," ती भिंतीवरच्या बोर्डासमोर उभी राहून बोलत होती, स्वतःशी आणि स्वराशी. "अन् हा रकबा ना नाव हाये, ना एक आकडा हाये. दोन आकडे हायेत, एका टिंबानं बांधलेले. मी त्याइले दशांशाच्या खोक्यात कोंबलं. बेरीजही चुकली असन मंग!"

तिनं लगेच दोन तुकडे असलेला एक सभासद काढला. एक तुकडा १.३० आणि दुसराही १.३०. मशीननं बेरीज दाखवली २.६०. मी तोंडी केली. दोन एकर आणि साठ गुंठे, म्हणजे तीन एकर वीस गुंठे. साडेतीन एकर. पस्तीस क्विंटलच्या माणसाला मशीन सव्वीस देत होतं.

आता रस्ता दिसला असं वाटलं. पण ती रांग अजून पूर्ण वाचून झाली नव्हती. सर्वांत खाली पाच आकडे उरले होते. पन्नास, साठ, सत्तर, ऐंशी, नव्वद. एकावन्न नाही, त्रेसष्ट नाही, फक्त हे पाच, आणि तेही बऱ्याच सभासदांच्या नावावर.

"हे कोन पाहुने?" ती म्हणाली. "साठ गुंठे तं असूच शकत नाही ना?"

"नाही," मी म्हणालो.

इथं तिची एक सवय कामाला आली. जुन्या साठ्यातून माहिती नव्यात आणताना तिनं जुना मजकूर फेकला नव्हता. जसा होता तसा एका बाजूच्या रकान्यात ठेवून दिला होता. तिनं तो उघडला. जिथं नव्या रकान्यात ३.५० होतं, तिथं जुन्यात ३.५ होतं. म्हणजे तीन एकर पाच गुंठे. जुन्या माणसानं शून्य न लावता नुसता पाच लिहिला. नव्या रकान्यात दशांश म्हणून शिरल्यावर त्या पाचाचे पन्नास झाले. नुसता चार असा कोणाच्याच नावावर नव्हता, म्हणून चाळीस तेवढं दिसलं नव्हतं.

"म्हंजे ह्या लोकाइले जास्त मिळून राह्यलं होतं," स्वरा म्हणाली. "सकाळी दोन असे येऊन गेले ना!"

"गेले," पंकज म्हणाला. "त्याइच्यातला एकही भांडाले नाही आला."

मैत्रीनं दशांशाचा रकाना काढून टाकला. त्याजागी दोन पूर्ण आकड्यांचे रकाने केले, एक एकराचा आणि एक गुंठ्यांचा. जुन्या मजकुराचे टिंबाशी दोन तुकडे करून ते त्यात भरले. पुढचा सगळा हिशेब गुंठ्यांत. एकरांचे गुंठे करा, त्यात गुंठे मिळवा, बेरीज करा, मर्यादा काढा, आणि छापताना परत एकर-गुंठे करा. टिंब फक्त कागदावर, मशीनच्या पोटात नाही. शिवाय तिनं एक पहारा बसवला. गुंठ्यांच्या रकान्यात चाळीस किंवा त्याहून मोठा आकडा कोणी घालू लागला तर मशीन तो घेणारच नाही.

ऊन कलायच्या आत तिनं काउंटरवर येऊन वच्छलाबाईंचं टोकन पुन्हा काढलं. त्यावर छापलं होतं, एक एकर वीस गुंठे, पंधरा क्विंटल.

वच्छलाबाईंनी ते पुन्हा लांब धरून वाचलं. मग मांडी मोडून उठल्या. "आता माहं हाये," म्हणाल्या. जाता जाता मैत्रीच्या गालावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडून गेल्या. "हुशार हाये पोरगी. गुंठे तेवढे शिकवा तिले."

एक प्रश्न उरला होता, आणि तो मीच काढला. जुन्या मजकुरात टिंबापुढं एकच अंक असेल तर तेवढेच गुंठे, हे बहुतेकांच्या बाबतीत खरं. पण कोणी कंटाळ्यानं वीसचा नुसता दोन लिहिला असेल तर? मैत्री म्हणाली, "हे मशीन नाही सांगू शकत काका. हे कागदानंच तस्दीक करा लागन." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तशा सभासदांच्या पासबुकांच्या झेरॉक्स बाहेर काढल्या आणि पंकज, स्वरा आणि मी एकेक जुळवत गेलो. मोजके निघाले. ते दुरुस्त केले. ज्यांचे कागद नव्हते त्यांना फोन लावले. एका म्हाताऱ्यानं फोनवर विचारलं, "जमीन मोजाले येता का?" त्याला समजावण्यात पंकजचा अर्धा तास गेला.

दुपारी मंडळ बसलं. मैत्रीनं भिंतीवर पडदा लावला होता. बाजूच्या खुर्चीवर चंपत गुरुजी येऊन बसले होते, बोलावणं नसताना. त्यांना उठा म्हणायची कोणाची छाती झाली नाही. संचालकांपैकी निम्म्यांना त्यांनीच बाराखडी शिकवली होती.

तिनं काल काय चुकलं ते आधी सांगितलं, आडपडदा न ठेवता. मग म्हणाली, "आता कोनाचाही रकबा काढून पाहा. तोंडी हिशेब करा अन् मशीनचा पाहा."

राजकुमारसेठ म्हणाले, "दुसऱ्याचा काऊन? माहा काढा."

तिनं काढला. आठ एकर पाच गुंठे, मर्यादा एक्क्याऐंशी क्विंटल पंचवीस किलो. काल सकाळी त्याच नावासमोर मशीन पंच्याऐंशी दाखवत होतं. सेठचा जुना मजकूर होता ८.५.

सेठ चष्मा काढून पुसत बसले, पुन्हा लावला, पुन्हा पडदा वाचला.

"म्हंजे पहिला नांगर माह्यावरच?" ते म्हणाले.

हशा इतका मोठा झाला की यार्डातले हमाल खिडकीतून डोकावले. व्यंकटेशरावांना ठसका लागला. गुरुजी तेवढे हसले नाहीत, पण मान खाली घालून त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं ते मी पाहिलं.

सेठ हात वर करून म्हणाले, "थांबा. हिशेब बरोबर हाये. पाच गुंठेच हायेत माह्याजवळ, पन्नास कुठून आनू? मशीन मालकाचं तोंड पाहून नाही बोलत, हे मले आवडलं. माहं मत ह्या पोरीले." आणि ठरावाच्या कागदावर पहिली सही त्यांनीच केली.

बाकीच्या सह्या व्हायला चहा संपेपर्यंतचाही वेळ लागला नाही. काम मैत्रीचं झालं. गुरुजी उठून तिच्याजवळ गेले. मला वाटलं काही मोठं बोलतील. ते म्हणाले, "घरी चाळीस गुंठ्यांचा पाढा लिहून ठेवतो." तिनं बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं.

हंगामाच्या पहिल्या दिवशी फाटकापासून रस्त्याच्या वळणापर्यंत ट्रॉल्या, टेम्पो, बैलगाड्या उभ्या होत्या. सारं यार्ड पांढरं झालं होतं. दरवर्षी या दिवशी दुपारपर्यंत मशीन बसतं आणि लोक माझ्या टेबलावर चढतात. यंदा दुपार झाली, तिसरा प्रहर झाला, टोकनं सटासट निघत राहिली. सभासद टोकन घेत, उभ्या उभ्या बोटांवर हिशेब करत आणि काही न बोलता काट्याकडे जात. आमच्या संस्थेत न बोलता जाणं म्हणजे फुलांचा हार घालण्यासारखं आहे. त्या दिवशी असे हार तिला शेकड्यांनी पडले.

गर्दी जरा ओसरली तशी ती लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आली. तिच्या जुन्या साहेबांना निरोप लिहायचा होता. इंग्रजी मजकूर तिनं लिहून ठेवला होता, मला फक्त नजर टाकायला सांगितली. पत्राचा मसुदा तपासायची माझी चाळीस वर्षांची सवय. मी वाचला. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, की परत येऊ शकत नाही याचा तिला मनापासून खेद वाटतो.

"खेद कशाचा?" मी विचारलं.

तिनं खिडकीतून बाहेर पाहिलं. काट्यावर एक ट्रॉली चढत होती, हमाल ओरडत होते, आणि काउंटरवर स्वरा एका म्हाताऱ्याशी तेलुगूत काहीतरी हसत बोलत होती.

"रीत म्हनून लिवला काका," ती म्हणाली.

"रीत बाहेर ठेव. खरं ते लिही."

तिनं ती ओळ पुसली. त्याजागी लिहिलं की माझं काम आता आदिलाबादेत आहे, जागा दुसऱ्या कोणाला द्यावी. एवढंच. खाली नाव. बटण दाबलं, आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन लांब आळस दिला, शेतातून आलेल्या माणसासारखा.

"मॅडम!" काउंटरवरून पंकजनं हाक मारली. "कागद संपला प्रिंटरचा! लोक उभे हायेत!"

"आली रे बाप्पा," म्हणत ती कागदाचं नवं बंडल काखेत मारून धावत गेली.